एका कागदाला एक गेट

आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या सेक्रेटरीनं मला फसवलं. एका कागदाच्या बदल्यात त्यानं माझ्याकडून बारा फुटी लोखंडी गेट फुकट करून घेतलं. दोन पाखांचं, म्हणजे दोन झडपांचं, आणि त्यात पुन्हा दिंडी दरवाजा. हे मी पहिल्याच ओळीत सांगून टाकतो, कारण आमच्या बिल्डिंगमध्ये ही गोष्ट उलटी सांगायची पद्धत पडली आहे. लोक म्हणतात, सात नंबरनं सोसायटीला गेट भेट दिलं. मी आयुष्यात कुणाला खिळाही भेट दिलेला नाही.

माझा भांडुपला गाळा आहे. ग्रिल, जिने, शटर, गेट. वडील गिरणीत होते, मी चौदाव्या वर्षी गॅस कटर हातात घेतला आणि अजून खाली ठेवलेला नाही. भाव करण्यात माझा कुणी हात धरत नाही. त्याची एक रीत आहे. समोरच्यानं आकडा सांगितला की उठायचं, चप्पल घालायची आणि चालायला लागायचं. चौथ्या पावलाला हाक येते. लोखंडाच्या व्यापाऱ्यांपासून फ्लॅट विकणाऱ्या बिल्डरपर्यंत सगळ्यांनी मला चौथ्या पावलाला हाक मारलेली आहे. एका माणसानं मारली नाही. त्याचीच ही हकीकत.

हा सेक्रेटरी तिसऱ्या मजल्यावर राहायचा. जन्मभर एका सरकारी खात्यात बारनिशीला होता. बारनिशी म्हणजे आलेल्या कागदावर नंबर टाकायचा आणि गेलेल्या कागदाची नोंद करायची. मधल्या वेळात कागदाचं काय झालं ते विचारायचं नाही. रिटायर झाल्यावर ऑफिस सुटलं, पण सवय त्यानं बरोबर आणली. सोसायटीत येणाऱ्या प्रत्येक चिठोऱ्यावर जांभळ्या शाईचा शिक्का आणि आवक क्रमांक पडायचा. पहिल्या मजल्यावरच्या लग्नाची पत्रिका आवक क्रमांक एकशे चौदा होती. एकदा त्याच्या बायकोनं किराण्याची यादी दिली, तर त्यावरही शिक्का मारून म्हणाला, "शेवटच्या ओळीत खाडाखोड आहे, आद्याक्षरी करा." ती म्हणाली, "मग जेवणसुद्धा जावक क्रमांक टाकून वाढू का?" यावर त्यानं थोडा विचार केला, असं ती सांगायची.

तो माणसांना नावानं हाक मारायचा नाही. फ्लॅटच्या नंबरानं मारायचा. मी सात नंबर. माझी बायको सात नंबर वहिनी. माझी मुलगी मात्र नुसती "पोरी". याची नोंद ठेवा, पुढे लागेल.

त्याची दोन वाक्यं ठरलेली होती. पहिलं: "माणूस बडबडतो, कागद बोलतो." दुसरं: "जाणं कुणालाही जमतं. येण्याचा कागद आधी करावा." स्वतः तो कर्जतच्या पलीकडे कधी गेलेला नव्हता.

आमच्या दोघांचं भांडण गेटवरून होतं. सोसायटीला गेट म्हणजे बांबूला तारेनं बांधलेला डांबराच्या पिंपाचा पत्रा. मागच्या तबेल्यातली एक म्हैस तो पत्रा शिंगानं बाजूला सारून रोज आत यायची आणि सेक्रेटरीनं हौदापाशी लावलेलं अळू खायची. दर वार्षिक सभेत तो उठायचा आणि म्हणायचा, "सात नंबर, तुम्ही मेंबर आहात, गेटचं मनावर घ्या." मी बाहेरच्या गिऱ्हाइकाला देतो तोच भाव कागदावर लिहून द्यायचो. तो त्यावर शिक्का मारायचा. म्हैस आत यायची. असं तीन वर्षं चाललं.

मधेच माझ्या मुलीनं अमेरिकेला शिकायला जायचं काढलं. रसायनशास्त्र. मी म्हटलं, इथं काय रसायनं संपली? पण ती माझीच मुलगी, तिनं भाव खाली येऊ दिला नाही. मग अर्ज सुरू झाले. माझं इंग्रजी सातवीपर्यंतचं. सेक्रेटरीकडे जुना टाइपरायटर होता. पावसाळाभर ती त्याच्याकडे बसायची. सतरा कॉलेजांचे सतरा अर्ज त्यानं टाइप केले, प्रत्येकाच्या तीन प्रती, एकही खाडाखोड नाही. कागदसुद्धा स्वतःचा वापरला. एका कॉलेजनं फीशिवाय घेतलं, वर महिन्याला पगार. मी त्याला पेढ्यांचा पुडा नेऊन दिला. त्यानं पुड्यावर शिक्का मारला आणि विचारलं, "आणि गेट?" मी म्हटलं, धंदा वेगळा, घरोबा वेगळा. तो काही बोलला नाही. मुलगी तिथंच उभी होती. तीही बोलली नाही. त्या दोघांनी गप्प बसणं मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

कॉलेजनं परदेशी विद्यार्थ्यांसाठी एक माहितीपुस्तक पाठवलं होतं. मुलीनं ते दोन दिवसांत वाचलं. सेक्रेटरीनं ते मागून नेलं आणि सहा महिने परत दिलं नाही. लाल पेन्सिलीनं रेघा मारून त्यानं ते असं पाठ केलं की जिन्यात भेटला तरी बोलणं तेच.

"सात नंबर, तुमच्या लक्षात येतंय का, केवढी व्यवस्था आहे! नुसता व्हिसा पुरत नाही. आय-ट्वेंटी नावाचा कॉलेजचा कागद लागतो. पोरगी सुट्टीला घरी निघाली की आधी त्या कागदावर तिकडच्या सल्लागार बाईची सही. सही असेल तर परत आत. नसेल तर विमानतळावरूनच माघारी. शिक्षण गेलं, पगार गेला, सगळं गेलं."

"चांगलं आहे," मी म्हटलं. "बाजूला व्हा, डोक्यावर अँगल आहे."

"अमेरिकेसारखा देश परत येणाऱ्या माणसाला विचारतो, बाबा रे, तुला येऊ कुणी सांगितलं? आणि आपल्याकडे? कुणीही यावं!"

मी म्हटलं हे बडबडणं आहे. पण पुढच्याच महिन्यात नोटीस बोर्डावर 'नमुना क' लागला. पंधरा दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहणाऱ्यानं जाण्याआधी नमुना क भरून त्यावर सेक्रेटरीची सही घ्यावी. परत आल्यावर तो वॉचमनला दाखवावा. सोबत परतीच्या प्रवासाचा मूळ पुरावा जोडावा. लोक हसले आणि मे महिन्यात आपापल्या गावी गेले.

जूनमध्ये माझी बायको मालवणहून आली. हातात दोन फणस, डोक्यावर आंब्यांची पेटी, आणि वॉचमन पत्र्यासमोर आडवा. "भाभी, साब का साइन नहीं है."

"मेल्या, माझ्या घरात जावक तुझी सही व्हयी काय रे?" असं म्हणून तिनं फणस त्याच्या पायाशी आदळला. तेवढ्यात ती म्हैस आली, पत्रा सारला आणि दोघांच्या मधून शांतपणे आत गेली. वॉचमननं तिला काहीच विचारलं नाही. मी गॅलरीतून ओरडलो, "अरे, तिचा नमुना क बघ की!" तर वरच्या मजल्यावरून सेक्रेटरीचा आवाज आला, "ती रोज येते. पंधरा दिवसांच्या आत आहे."

मुलगी दोन वर्षांनी तीन आठवड्यांसाठी घरी आली. मला तिनं लोकरीचे मोजे आणले. भांडुपला, वेल्डिंग करणाऱ्या माणसाला, लोकरीचे मोजे. सेक्रेटरीला काय आणलं? तारखेचा शिक्का. शाईचा पॅड आतच बसवलेला, दाबला की आपोआप उठणारा. तो बघून त्या माणसाचे डोळे भरून आले. त्यानं तो पन्नास वेळा दाबला. मग लक्षात आलं की अमेरिकेत महिना आधी आणि तारीख नंतर. तरी त्यानं तो वापरलाच. त्या आठवड्यात पाण्याच्या टाकीच्या सफाईची नोटीस अशा तारखेची निघाली की वाचणाऱ्यांना वाटलं टाकी मागच्या सप्टेंबरात धुतली.

परत जायला चार दिवस उरले होते. मी जेवायला बसलो होतो, तेव्हा मुलगी ओढणीचं टोक चिवडत दारात उभी राहिली.

"बाबा, रागावू नका. माझा आय-ट्वेंटी त्यांनी आवकला घेतला."

"कुणी?"

"सेक्रेटरीकाकांनी. मी दोन वर्षं बाहेर होते ना, नमुना क भरायला सांगितला. मूळ पुरावा जोडायचा होता. मी दाखवायला दिला, तर शिक्का मारून फाइलला लावला."

"तोच सहीचा कागद?"

तिनं मान खाली घातली. मी हात न धुता तिसऱ्या मजल्यावर गेलो.

सेक्रेटरी टेबलामागे बसला होता. समोर फाइल, फाइलला नाडी, नाडीला गाठ. मी म्हटलं, "कागद द्या."

"कोणता?"

"माझ्या मुलीचा."

"तो आता तुमच्या मुलीचा नाही. तो सोसायटीच्या दप्तरातला आवक क्रमांक तीनशे सात आहे." फाइल किंचित उघडून त्यानं दाखवला. इंग्रजी छापील कागद, मागे कुणाची तरी सही, आणि बरोबर मधोमध जांभळा शिक्का.

"माझी पोर चार दिवसांनी निघणार आहे!"

"मूळ कागद दप्तराबाहेर काढायचा तर सभेचा ठराव लागतो. सभेला सात दिवसांची नोटीस लागते."

"विमान चार दिवसांवर आहे, सांगतोय ना!"

"मग विमानाला अर्ज करा."

मी त्या टेबलावर अशी मूठ आपटली की अमेरिकन शिक्का आपोआप उठला. मुलगी माझ्यामागे येऊन उभी राहिली होती. ओढणीत तोंड खुपसून तिचे खांदे हलत होते. ते बघून मी मूठ सोडली. दोन वर्षांचं शिक्षण, पगार, तिथली प्रयोगशाळा, सगळं त्या गाठीत अडकलेलं. मी म्हटलं, ठीक आहे. भाव करू.

"तुमच्या स्वयंपाकघराला ग्रिल करून देतो."

"मी लाच घेत नाही, सात नंबर."

"बरं, सोसायटीच्या गटाराची झाकणं."

तो खिडकीबाहेर बघत बसला.

"झाकणं आणि जिन्याचा कठडा. तिन्ही मजल्यांचा. याच्यावर एक पट्टीसुद्धा मिळणार नाही."

"तातडीच्या प्रसंगी सेक्रेटरीला ठरावाशिवाय कागद सोडता येतो," तो सावकाश म्हणाला. "पण तो प्रसंग सोसायटीच्या कायमच्या हिताचा असावा लागतो. कठड्यानं म्हैस थांबत नाही."

आता माझ्या लक्षात आलं तो कुठं निघालाय. मी उठलो. चप्पल घातली. चालायला लागलो. एक, दोन, तीन, चार. हाक नाही. पाच, सहा. जिन्याच्या वळणावर आलो आणि तिथं उभा राहिलो. वरून टप्, टप् आवाज येत होता. तो शिक्का दाबत बसला होता. मी दोन मिनिटं थांबलो. आयुष्यात पहिल्यांदा मी गेलेल्या वाटेनं परत वर चढलो.

"बारा फुटी," तो मान वर न करता म्हणाला. "दोन पाखं. लावून झालं की कागद."

दोन दिवस भांडुपचा गाळा दुसऱ्या कामाला बंद ठेवला. राग आला की माझं वेल्डिंग सुंदर होतं, हे माझे कामगार सांगतील. त्या गेटला लोखंडी चॅनल मी चांगल्यातला चांगला घातला, कारण हलका घातला असता तर त्यानं म्हटलं असतं, सात नंबरनं फसवलं. वर भाल्याची टोकं काढली. बिजागऱ्या अशा की पाख एका बोटानं सरकावं. जाण्याच्या आदल्या दिवशी ते टेम्पोतून आणून उभं केलं. अख्खी बिल्डिंग गॅलरीत. सेक्रेटरी ओळंबा घेऊन खाली आला, चारही बाजूंनी मोजलं, आणि म्हणाला, "दिंडी दरवाजा कुठं आहे?"

"कसला दिंडी दरवाजा?"

"एक माणूस वाकून आत येईल एवढा. रोज उठून बारा फूट कोण उघडणार?"

मी त्याला काय म्हणालो ते इथं लिहीत नाही. बायकोनं गॅलरीत कान झाकले. पण दिंडी दरवाजा केला. तिथंच, उभ्या गेटला कापून. संध्याकाळी म्हैस आली. तिनं शिंग लावलं, गेट हललं नाही. तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं ती मी विसरलेलो नाही. मग ती परत गेली. वरून टाळ्या पडल्या.

सेक्रेटरीनं नाडी सोडली. एक टाइप केलेली पावती पुढे केली. माझ्या हाताला रेड ऑक्साइडचा लाल रंग लागलेला, डोकं तापलेलं. मी सही ठोकली आणि कागद हिसकावला.

दुसऱ्या दिवशी सहारला जाताना तो कागद मी स्वतःच्या खिशात ठेवला, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून. विमानतळाच्या दाराशी मुलगी पाया पडली. मी कागद तिच्या हातात दिला आणि म्हटलं, "जप. याच्यासाठी बापानं गेट दिलंय." मला वाटलं आता रडेल. तिनं पिशवीतून कागद काढला, एकदा बघितला, आणि परत माझ्या हातात ठेवला.

"बाबा, हा तुमच्याकडेच राहू द्या. हा जुना आहे. पहिल्यांदा गेले तेव्हाचा."

"मग सहीचा?"

"तो माझ्या पर्समध्येच होता. कायम." आणि तिनं तो काढून दाखवला. पांढराशुभ्र. जांभळं काही नाही. "येते हं, बाबा."

ती आत गेली. मी मागे धावलो. दारातल्या पोलिसानं हात आडवा घातला. "तिकीट?"

"अहो, ती माझी मुलगी आहे! मला तिला एकच विचारायचंय!"

"तिकीट नसेल तर आत नाही."

काचेपलीकडे ती बॅग ढकलत चालली होती. वळून तिनं हात हलवला. तिचे खांदे हलत होते, तेच, परवासारखे. आज तोंडावर ओढणी नव्हती. ती हसत होती.

घरी आलो तर गेटला कुलूप. माझ्याच गेटच्या दिंडी दरवाज्यातून मी वाकून आत शिरलो आणि थेट तिसऱ्या मजल्यावर गेलो.

"फसवलंत मला!"

"कागद काय बोलतो ते बघू," असं म्हणून सेक्रेटरीनं माझी पावती काढली आणि मोठ्यानं वाचली. "'आवक क्रमांक तीनशे सात, जुना व वापरून झालेला आय-ट्वेंटी, नग एक, सुस्थितीत परत मिळाला.' खाली सही कुणाची?"

सही माझी होती. मी आयुष्यात न वाचता केलेली ती एकुलती एक सही.

"ही तुमची अक्कल!" मी म्हटलं.

"नाही हो," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच मला त्याचा चेहरा थोडा ओशाळलेला दिसला. "मला असलं सुचत नाही. मी आयुष्यभर नुसत्या नोंदी केल्या. जुना कागद घेऊन पोरगीच आली. म्हणाली, काका, हा आवकला घ्या, आणि बाबांना चार दिवस देऊ नका. मी विचारलं, कशासाठी? तर म्हणाली, सतरा अर्जांसाठी."

मी खाली आलो. बायको भात टाकत होती. तिला म्हटलं, तुला माहीत होतं? ती म्हणाली, "तुमी इतक्या बरा गेट करी होतास, मगे मोडतो कशाक घालू?" चौकशीअंती कळलं की बिल्डिंगमध्ये न कळलेले दोनच जीव होते, मी आणि ती म्हैस.

त्यानंतर सेक्रेटरी तीन वर्षं होता. दर दसऱ्याला गेटला हार घालायचा आणि मला जिन्यात अडवून सांगायचा, "सात नंबर, बिजागरी अजून वाजत नाही हो." मी त्याला कधी क्षमा केली नाही आणि बिजागरीत तेल घालायचंही कधी विसरलो नाही. गेल्या वर्षी तो गेला. तेव्हा दोन्ही पाखं उघडावी लागली. मी एक धरलं, वॉचमननं दुसरं. त्याच्या बायकोनं नेताना त्याच्या खिशात काहीतरी घातलं. नंतर मी विचारलं तर म्हणाली, नमुना क होता. कोराच. सही करणारा तोच ना.

त्याच्याकडून आता उत्तर मिळायचं नाही. पण मुख्य आरोपी अमेरिकेत आहे. मी पत्रं लिहिली. सरळ प्रश्न विचारला. सतरा अर्जांचं तुला टोचत होतं, तर बापाला तोंडानं सांगता येत नव्हतं? तिची उत्तरं येतात. बर्फ पडला, परीक्षा झाली, पगार वाढला, मोजे वापरता का. गेटचा एक शब्द नाही.

आता त्यानंतर पहिल्यांदाच ती दिवाळीला घरी येते आहे. मी वॉचमनला सांगून ठेवलंय. दिंडी दरवाज्याला आतून कडी. तिचा पासपोर्ट बघायचा नाही, व्हिसा बघायचा नाही, तिकडच्या बाईची सहीही नको. मी स्वतः आत उभा राहणार, आणि ती बॅगा घेऊन बाहेर. ऐक गं पोरी, तुझ्या बापाला जिन्याच्या वळणावरून परत वर चढायला लावलंस. का, ते गेटबाहेर उभं राहून, सगळ्या गॅलऱ्यांना ऐकू जाईल असं सांगायचं. मग कडी निघेल.